रुग्ण जेव्हां हात उगारतो

इस्पितळ म्हटलें म्हणजे दुखणेकऱ्यास जपण्याची जागा, असें सर्वजण धरून चालतात. तेथें दुखणेकऱ्यापासून कोणास स्वतःला जपावें लागत असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या मंडळींत ही गोष्ट नवलाईची राहिलेली नाहीं. चावा, ओरखडा, थोबाडींत, केस ओढणें, ताट फेकून मारणें, गळा धरणें, यांपैकीं कांहींना कांहीं वांट्यास न आलेली जुनी परिचारिका विरळा. जगांतील कोणत्याही देशाच्या नोंदी पाहिल्या तरी वैद्यकीय सेवेच्या सर्व शाखांत मानसोपचार आणि अपघात विभाग या दोन ठिकाणीं सेवकांना मार बसण्याचें प्रमाण सर्वांत अधिक आढळतें. २००२ सालीं जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि परिचारिकांची आंतरराष्ट्रीय परिषद यांनीं आरोग्यसेवेंतील हिंसेसंबंधीं जी मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत ही 'नोकरीचा एक भाग' समजून सोसण्याची बाब नव्हे, असेंच मुळीं प्रतिपादन आहे.

मार बसतो तो बहुधा मोठ्या डॉक्टरास नव्हे. डॉक्टर फेरीपुरते येतात, दोन शब्द बोलून जातात. आठ आठ, बारा बारा तास रुग्णाजवळ असते ती परिचारिका आणि तिच्या हाताखालचा परिचर. 'आंघोळीस चला', 'गोळी घ्या', 'आतां तंबाखू मिळणार नाहीं', 'घरीं जाण्याची परवानगी अजून नाहीं', हें सारें याच माणसांच्या तोंडून रुग्णास ऐकावें लागतें. नकार ठरवितो एक आणि सांगतो दुसरा. तडाखा सांगणाऱ्यास बसतो.

पुढें जाण्यापूर्वीं एक गैरसमज दूर ठेवला पाहिजे. मनोरुग्ण म्हणजे मारकुटा मनुष्य, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही अद्याप गेलेली नाहीं. अमेरिकेंत इस्पितळांतून घरीं सोडलेल्या मनोरुग्णांचा कित्येक महिने मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील पिट्सबर्ग शहरच्या रुग्णांची तुलना त्यांच्याच आळींतील शेजाऱ्यांशीं करण्यांत आली. दारू वा अंमली पदार्थांचें व्यसन नसलेले रुग्ण शेजाऱ्यांहून अधिक हिंसक नव्हते, असें दिसून आलें. जो हिंसक फरक दिसला तो मुख्यतः व्यसनाच्या पोटीं. उलट मनोरुग्ण स्वतःच दुसऱ्याचा मार खातात, हें कितीतरी अधिक वेळां घडतें. तेव्हां येथें जें सांगावयाचें आहे तें थोड्या रुग्णांविषयीं, आणि त्यांच्याही आजारांतील थोड्या दिवसांविषयीं. परंतु त्या थोड्या दिवसांत त्यांच्याजवळ कोणीतरी उभें असतेंच.

तें कोण आणि कोणत्या परिस्थितींत, हें कळण्यास नंदुरबार जिल्ह्याकडे पाहावें. १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास भरली, आणि त्यांतील शंभरांपैकीं सुमारें एकोणसत्तर माणसें आदिवासी आहेत. महाराष्ट्रांत शासनाचीं जुनीं प्रादेशिक मनोरुग्णालयें चार: येरवडा, ठाणें, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांतील मंजूर खाटा अनुक्रमें २५४०, १८५०, ९४० आणि ३६५. यांपैकीं एकही सातपुड्याच्या जवळ नाहीं. नंदुरबारहून ठाण्यास जाणारी आगगाडीसुद्धां आधीं गुजरातेंत सुरतेकडे जाते आणि मग दक्षिणेस वळते. आतां नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. तरी धडगांवच्या डोंगरांतील पाड्यापासून जिल्ह्याच्या गांवापर्यंत घाट उतरून येणें हेंच एक काम होऊन बसतें.

अशा पाड्यावरील एखादा तरुण एकाएकीं रात्रीं झोपेनासा होतो, एकटाच बोलूं लागतो, भावावर धांवून जातो, अशी कल्पना करावी. प्रथम भगत येतो. धुरी, उतारा, कोंबडें झालें, गुण नाहीं. मग कोणीतरी म्हणतें, अंगांतलें निघालें पाहिजे, आणि फटके सुरू होतात. १ खाटेच्या पायास वा झाडास साखळीनें बांधणें हें तर संरक्षण म्हणूनच समजलें जातें. (भूत उतरविण्याच्या निमित्तानें दोरखंडानें वा साखळीनें बांधून मारणें हा महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. पण कायदा घाट चढून जाण्यास वेळ लागतो.) शेवटीं चौघेजण त्यास गाडींत घालून आणतात. तो उपाशी, तहानलेला, मनगटें सोललेलीं, तीन रात्रींचा जागा. भाषा त्यास पावरी येते. समोरचा परिचर मराठी बोलतो. पांढरे कपडे घातलेलीं अनोळखी माणसें त्याच्याभोंवतीं जमतात, आणि त्यांतील एकाच्या हातांत सुई असते.

या क्षणीं त्यानें हात उगारला तर तो इस्पितळाचा पहिला प्रसंग असेल, पण त्याच्या लेखीं तो चौथ्या दिवसाच्या लढाईचा पुढचा भाग असतो. इस्पितळांत घडणाऱ्या कित्येक हल्ल्यांची तयारी अशी इस्पितळाबाहेर झालेली असते. दाखल होण्याचा दिवस आणि त्यानंतरचे थोडे दिवस हेच सर्वांत धोक्याचे, असें जें सर्वत्र आढळतें त्याचें एक कारण हें.

दुसरें कारण अर्थात् रोगाचें. ज्यास कानांत आवाज ऐकूं येतात आणि ते आवाज आज्ञा करतात, ज्याची खात्री झालेली असते कीं अन्नांत विष आहे आणि हे लोक आपणांस मारण्यासाठींच जमले आहेत, तो स्वतःच्या समजुतीप्रमाणें स्वतःचा बचावच करीत असतो. उन्मादांतील रुग्णाची गोष्ट निराळी. तो आनंदांत असतो, गातो, दानधर्माच्या गोष्टी करतो. मात्र कोणी अडविलें कीं क्षणांत भडकतो. वृद्धापकाळीं स्मृति गेलेला मनुष्य आंघोळ घालणाऱ्या हातासच चोर समजून झटतो. फेफऱ्याचा झटका ओसरतांना रुग्ण कांहीं मिनिटें भानावर नसतो, आणि त्या वेळीं त्यास धरून ठेवूं पाहणाऱ्यास तो ढकलतो.

परंतु मानसोपचाराच्या विभागाबाहेर, साध्या इस्पितळांत, सर्वांत अधिक फसविणारा प्रकार दारूचा आहे. मोहाची दारू वर्षानुवर्षें रोज घेणारा एखादा शेतकरी बैलगाडीवरून पडतो, पाय मोडतो आणि हाडांच्या विभागांत दाखल होतो. पहिला दिवस शांत जातो. इस्पितळांत दारू नाहीं, म्हणून ती आपोआप सुटते, आणि घरच्यांना त्याचा आनंदच होतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीं त्याचे हात कांपूं लागतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे दिसूं लागतात, आणि तो प्लास्टरासकट खाटेवरून उडी घेऊन परिचारिकेच्या अंगावर जातो. विभागांत एकच ओरड होते, 'वेड लागलें!' वास्तविक हें वेड नव्हे. एकाएकीं दारू तुटल्यानें मेंदूंत उठलेलें वादळ आहे, आणि वेळीं औषध न मिळाल्यास त्यांत प्राण जातो. दाखल करतांना 'रोज किती घेतां?' एवढा प्रश्न सरळपणें, लाज न वाटूं देतां विचारला, तर तिसरी रात्र टळते. तीव्र ताप, मेंदूचा हिवताप, रक्तांतील साखर उतरणें, डोक्यास मार, यांनींही असाच भ्रम होतो. म्हणून एकाएकीं भडकलेल्या रुग्णास मानसोपचाराकडे ढकलण्यापूर्वीं त्याचा ताप, नाडी आणि साखर पाहणें हा सेवकांच्या बचावाचाही उपाय आहे.

हा धोका केवळ मनोरुग्णालयाच्या भिंतींपुरता नाहीं, हें अलीकडच्या दोन घटनांनीं सर्वांस कळलें. २०२३ च्या जानेवारींत यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत दाखल असलेल्या एका रुग्णानें निवासी डॉक्टरांवर चाकूनें हल्ला केला, आणि डॉक्टर मंडळींनीं काम थांबविलें. त्याच वर्षीं १० मे रोजीं केरळांत कोट्टारक्करा येथील तालुका रुग्णालयांत पोलिसांनीं मलमपट्टीसाठीं आणलेल्या एका इसमानें तेथील कात्री उचलली आणि डॉ. वंदना दास या तरुण डॉक्टरीणबाईंचा जीव घेतला. दोन्ही ठिकाणीं शस्त्र हातांशीं होतें. मानसोपचाराच्या विभागांत कात्री, सुरी, जड ताट, सुटी खुर्ची कोठें ठेवावी याचा निदान विचार तरी होतो. इतर विभागांत तोही नसतो.

हल्ला आकाशांतून पडत नाहीं. अनुभवी परिचारिका दुरून ओळखते कीं आज या खाटेवर कांहींतरी शिजत आहे. नॉर्वेमध्यें ब्रोसेट येथील मनोरुग्णालयांत या ओळखीसच एका लहानशा तक्त्याचें रूप देण्यांत आलें. गोंधळलेपणा, चिडखोरपणा, दांडगाई, तोंडानें धमकी, अंगविक्षेपानें धमकी आणि वस्तूंची आदळआपट, हीं सहा चिन्हें. प्रत्येकाचा असल्यास एक गुण, नसल्यास शून्य. प्रत्येक पाळीस एक मिनिट घालवून बेरीज करावयाची. बेरीज वाढूं लागली तर पुढच्या चोवीस तासांत जपावें. अशा तक्त्याला फारसा खर्च नाहीं. परंतु पाळी बदलतांना तो एकीनें दुसरीस तोंडीं सांगितला पाहिजे, आणि तेथेंच बहुधा घोटाळा होतो. जाणारी घाईंत आणि येणारी उशिरा.

मग प्रसंग उभा राहिला असतां करावें काय? येथें बळापेक्षां चालीरीतींचा उपयोग अधिक. समोर छातीस छाती भिडवून उभें राहूं नये. दीड हाताचें अंतर राखून किंचित् तिरपें उभें राहावें. तळहात उघडे दिसूं द्यावेत. दार आपल्या पाठीशीं असावें, पण रुग्णास कोंडल्यासारखें वाटेल असें तें अडवूं नये. बघ्यांना बाहेर काढावें, कारण गर्दीसमोर माघार घेणें शहाण्यासही जड जातें. बोलावें एकानेंच; चौघांनीं चार आज्ञा देऊं नयेत. गळ्यांतील साखळी, ओढणी, नळी, चष्मा हें आधींच काढून ठेवावें. आवाज खालचा, वाक्यें लहान. 'माझ्या जेवणांत विष आहे' असें तो म्हणाला तर 'छे, कांहींतरीच' म्हणूं नये आणि 'हो, आहे खरें' असेंही म्हणूं नये. 'दादा, तुम्हांला भीति वाटते आहे हें दिसतें. माझ्यासमोर पाणी प्यावयाचें का?' असें विचारावें. दोनांतून एक निवडण्याची संधि द्यावी: गोळी आतां घेणार कीं जेवणानंतर? निवड लहान असली तरी ती त्याची असते.

सातपुड्यांतील रुग्णाच्या बाबतींत याहून महत्त्वाचें औषध म्हणजे त्याच्या बोलीचा मनुष्य. भिली वा पावरी बोलणारा सेवक विभागांत असला, आणि त्यानें आईबापांची, गांवची, पाड्याची चौकशी केली, तर जें सुईनें होत नाहीं तें पुष्कळदां होऊन जातें. नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत अशीं माणसें कांहीं दुर्मिळ नाहींत. परंतु त्यांस दुभाषी म्हणून न वापरतां सामान वाहण्यास लावलें जातें.

बोलण्यानें न भागलें तर औषध. या बाबतींत भारताचा हातभार अभिमानास्पद आहे. १९३१ सालीं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कलकत्त्याच्या वैद्यांनीं उन्मादावर सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग होतो असें लिहिलें. पुढें १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमाझीन आलें आणि सर्व जगांतील मनोरुग्णालयांतील आरडाओरडा निम्मा झाला, असें जुनी मंडळी सांगत. २००४ सालीं वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील डॉक्टरांनीं दोनशें प्रक्षुब्ध रुग्णांवर दोन उपायांची तुलना केली. लोराझेपामनेंही रुग्ण शांत झाले, परंतु हॅलोपेरिडॉल व प्रोमेथाझीन यांच्या जोडीनें ते अधिक लवकर शांत झाले. हीं औषधें स्वस्त आणि साध्या इस्पितळांत मिळण्याजोगीं आहेत.

धरण्याची वेळ आलीच तर पांच जणांनीं धरावें; चार हातापायांस चार, आणि पांचवा डोक्याशीं बसून बोलत राहणारा. पालथें पाडून पाठीवर बसणें हें मृत्यूस आमंत्रण आहे, कारण त्यानें श्वास कोंडतो. अनेक देशांत असे मृत्यू घडले आहेत. रात्रपाळीस पन्नास-साठ खाटांमागें दोन माणसें असतां हे पांच आणावयाचे कोठून, हा खरा प्रश्न आहे.

माणसें कमी पडलीं कीं साखळी पुढें येते, हा फार जुना नियम. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळांत साखळ्या काढण्याचें श्रेय पिनेल या डॉक्टरास देण्याची चाल आहे. वस्तुतः १७९७ सालीं तें काम तेथील व्यवस्थापक पुसँ यानें केलें. तो स्वतः पूर्वीं त्याच इस्पितळांत गंडमाळेचा रुग्ण होता. त्यानें आधीं सेवकांना रुग्णावर हात टाकण्याची बंदी केली, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांतूनच सेवक नेमले. १८३९ साली इंग्लंडांत हॅनवेल येथें कॉनोली यानें बांधण्याचीं सर्व साधनें बाजूस सारलीं. टीकाकारांनीं सेवक मारले जातील असें भाकीत केलें होतें. तसें घडलें नाहीं. हिंदुस्थानांत १९१२ चा वेड्यांचा कायदा झाला, १९२० मध्यें 'असायलम'चें 'मेंटल हॉस्पिटल' झालें, पण नांव पालटलें म्हणून साखळी सुटली नाहीं. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंत एरवाडी येथील एका आश्रयस्थानांत आग लागली, आणि साखळीनें बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जागच्या जागीं जळून मेले.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें साखळी पूर्णपणें निषिद्ध केली, एकांतांत कोंडणेंही बंद केलें. शारीरिक बंधन घालावयाचें तें तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीनें, आणि जरुरीपुरत्या वेळासाठीं. त्याची नोंद ताबडतोब झाली पाहिजे आणि चोवीस तासांत रुग्णाच्या प्रतिनिधीस कळविलें पाहिजे. शिक्षा म्हणून बंधन नाहीं, आणि सेवकांची संख्या कमी आहे या सबबीवर तर नाहींच. कलम उत्तम आहे. मात्र रिकाम्या जागा भरण्याचें बंधन ज्यांच्यावर पडावयास हवें ते मंत्रालयांत असतात, आणि कलमाचा जाच होतो तो रात्रीं दोन वाजतां विभागांत एकट्या उभ्या असलेल्या परिचारिकेस. कायदा मोडूं नये, रुग्णास इजा होऊं नये, आणि स्वतःही मार खाऊं नये, हीं तिन्ही कामें तिनें एकटीनें करावयाचीं.

मार बसल्यावर कायदा तिला काय देतो? महाराष्ट्रांत २०१० पासून वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यासाठीं स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. परंतु हा कायदा मुख्यतः चिडलेल्या नातेवाइकांस डोळ्यांसमोर ठेवून झाला. ज्या मनुष्यास आपण काय करीत आहों हें मनाच्या विकृतीमुळें कळत नाहीं, त्याचें कृत्य गुन्हा ठरत नाहीं, हें तत्त्व १८६० च्या दंडसंहितेंत होतें आणि १ जुलै २०२४ पासून लागूं झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमांतही तें कायम आहे. तें न्याय्यच आहे. भ्रमांतील मनुष्यास तुरुंगांत टाकून कोणाचेंही हित होत नाहीं. मात्र 'आरोपी नाहीं' याचा अर्थ 'इजा झाली नाहीं' असा घेतला जातो, येथें अन्याय घडतो. रुग्णाचा दोष नसला तरी परिचारिकेचें मोडलेलें मनगट मोडलेलेंच असतें. तिची रजा, तिचा औषधाचा खर्च आणि तिचें वेतन यांची जबाबदारी नेमणूक करणाऱ्या संस्थेवर असली पाहिजे. कंत्राटावर घेतलेल्या परिचराच्या वांट्यास यांतील बहुधा कांहींच येत नाहीं. आणि नाहीं म्हटलें तरी रुग्ण सगळेच भ्रमांत नसतात. जाणूनबुजून, भान ठेवून मारणारेही आढळतात, व त्यांच्याविरुद्ध फिर्याद नोंदविण्यांत कांहीं क्रूरपणा नाहीं. हा भेद तज्ज्ञानें त्या त्या प्रसंगीं तपासून ठरवावा.

पुष्कळशी मारहाण कागदावर येतच नाहीं. लिहिण्यास वेळ नाहीं, लिहून कांहीं होत नाहीं, आणि लिहिलें तर वरिष्ठ विचारतात, 'तुमचेंच कांहींतरी चुकलें असेल.' हा प्रश्न ठोशापेक्षां अधिक दिवस दुखतो. मार खाल्लेली परिचारिका दुसऱ्या दिवशीं त्याच विभागांत, त्याच रुग्णाची गोळी घेऊन जाते. हात कांपतो. कोणी मागून आलें कीं दचकते. घरीं सांगावें तर घरचीं माणसें म्हणणार, 'सोड ती नोकरी.' कांहींजणी खरेंच सोडतात. कांहीं राहतात, पण रुग्णापासून मनानें दूर होतात, बोलणें तोडतात, आणि क्वचित् कोणाचा हात परत उठतो. रुग्णांना सेवकांकडून होणाऱ्या मारहाणीच्या ज्या बातम्या येतात, त्यांच्या मुळाशीं पुष्कळदां असा न लिहिलेला, न विचारलेला जुना मार असतो. त्यानें ती मारहाण क्षम्य होत नाहीं. ती थांबवावयाची असेल तर कोठून सुरुवात करावी, एवढेंच त्यावरून कळतें. लंडनच्या प्रा. लेन बॉवर्स यांनीं विभागांतील वातावरण बदलण्याचे दहा साधे उपाय सुचविले. रुग्ण व सेवक यांनीं एकमेकांची थोडी ओळख करून देणें, अप्रिय बातमी सांगण्यापूर्वीं विचार करणें, प्रत्येक पाळीस रुग्णाविषयीं एक तरी चांगली गोष्ट सांगणें, अशा प्रकारचे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या परीक्षेंत अशा विभागांतील तंट्याचे प्रसंग शेंकडा १५ नीं आणि बंधनाचे प्रसंग शेंकडा २६ नीं घटले.

हें सारें इस्पितळाचें झालें. परंतु बंगलोरच्या राष्ट्रीय संस्थेनें २०१५-१६ मध्यें केलेल्या पाहणींत असें दिसलें कीं निरनिराळ्या मानसिक आजारांच्या शेंकडा सत्तर ते ब्याण्णव रुग्णांस उपचारच मिळत नाहींत. म्हणजे बहुतेक मनोरुग्ण घरींच असतात, आणि त्यांची परिचारिका म्हणजे आई, बायको किंवा थोरली बहीण. तिला तक्ता नाहीं, पाळी नाहीं, पांच माणसें नाहींत. मार बसला तर ती तो शेजाऱ्यांपासूनही लपविते. अशा घरांत कोयता, विळी, मुसळ हीं हातांशीं ठेवूं नयेत. रुग्णाच्या झोपेकडे लक्ष असावें, कारण झोप उडणें ही बहुधा पहिली सूचना असते. औषध कोणाच्या सल्ल्यावांचून एकाएकीं बंद करूं नये. रुग्ण भडकला तर बायकापोरांनीं प्रथम घराबाहेर पडावें, मग मदत हांकारावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या शासनाच्या 'टेली मानस' या सेवेचा दूरध्वनि क्रमांक १४४१६ असा आहे. तो रात्रींही चालतो, पैसे पडत नाहींत, आणि पलीकडून मराठींत उत्तर मिळतें.